परत म्हटलं की ठरलं

९ जानेवारी १९६८, मंगळवार

शाळेला वह्या पुरवणाऱ्याने डायऱ्या वाटल्या. हेडबाईंना कातडी बांधणीची, मला पुठ्ठ्याची. तरी लिहिते, कारण आज लिहिण्यासारखं घडलं आहे आणि ते ऐकायला घरात कोणी नाही.

आमचे फादर मार्कस सहा महिने परदेशात राहून आले. माणूस परदेशातून घड्याळ आणतो, कापड आणतो. फादरनी काउन्सेलिंग आणलं. आमच्या अंधेरीच्या गावठाणातली तरुण मुलं आणि त्यांचे आईबाप एकमेकांशी बोलत नाहीत, असा त्यांना तिकडे बसून शोध लागला. माझ्या माहितीप्रमाणे ते बोलतात आणि पार चकाल्याच्या नाक्यापर्यंत ऐकू येतं. असो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सात, चर्चच्या मागच्या खोलीत, मुलामुलींसाठी आणि पालकांसाठी सल्लाकेंद्र सुरू होणार. चालवणार मी.

"मीच का, फादर?"

"तुम्हाला मुलं नाहीत, सेराफिनाबाई. त्यामुळे तुमचं मन निःपक्षपाती आहे."

या न्यायाने मला पोहता येत नाही म्हणून विहिरीवर राखणीलाही बसवतील. वय चव्वेचाळीस, सातवीला गणित शिकवते, लग्न केलं नाही. आईची कंबर धरली होती, तिला टाकून जाणार कुठे? आता आई गेली, कंबर गेली, मी आहे. गावात हे सगळ्यांना पाठ आहे, डायरीला माहीत असावं म्हणून लिहिलं.

१९ जानेवारी, शुक्रवार

तीन दिवसांचं शिक्षण संपलं. विद्यार्थिनी एकटी मीच, म्हणून पहिली आले. पहिला नियम: सल्लाकेंद्रात सल्ला द्यायचा नाही. उत्तर ज्याचं त्याच्या पोटात असतं, आपण फक्त ते वर येऊ द्यायचं. दुसरा नियम: प्रश्न विचारायचे नाहीत, माणूस बुजतो. मग करायचं काय? तर समोरच्याचं शेवटचं वाक्य शांतपणे परत म्हणायचं आणि मान हलवायची. एवढ्यासाठी फादर विमानाने गेले होते.

खरं तर परत म्हणणं आमच्या लोकांना नवं नाही. मागणी ठरवताना, बैल विकताना, झालेलं बोलणं वडीलधारा माणूस चारचौघांत एकदा परत म्हणतो आणि मग ते ठरतं. आमच्या बापसाने असाच समोरच्याने सांगितलेला भाव परत म्हटला आणि खालचं शेत घालवलं. पण ती अडाण्यांची रीत. हे शास्त्र आहे, फादरांकडे त्याची छापील वही आहे.

शाळेत सुगंधावर सराव केला. सुगंधा आमची शिपाईणबाई, मालवणकडची, नवरा गिरणीत. मधल्या सुट्टीत पायरीवर बसली होती.

"बाई, माझो पाय दुकता."

"तुमचा पाय दुखतो," मी शांतपणे म्हटलं आणि मान हलवली.

"होय तर. ताच सांगतंय."

"तेच सांगताय."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हेडबाईंना जाऊन सांगितलं की गणिताच्या बाईंना ताप आहे.

२३ जानेवारी, मंगळवार

केंद्र सुरू झालं. खोलीत चर्चच्या बँडचा ढोल, नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यातले मातीचे तीन राजे आणि तीन पायांचा उंट आहे. त्यांच्यामध्ये मी खुर्ची टाकली. दोन तासांत एक गृहस्थ आले. रेशनकार्डात सुनेचं नाव कसं घालायचं ते विचारत होते. नियम मोडून सांगून टाकलं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिलं खरं गिऱ्हाईक. शिवदास म्हणून जोगेश्वरीच्या चाळीतले गृहस्थ, सुगंधाच्या नात्यातले. मुलगा चंद्रप्रकाश सतरा वर्षांचा, कानांवर केस वाढवतो, तंग पँट घालतो आणि कुठल्याशा ऑर्केस्ट्रात खुळखुळे वाजवतो. शिवदास पाऊण तास बोलले. मी एकही सल्ला दिला नाही. शेवटी ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "आता बास. मी तेका घराभायर काढतलंय."

"तुम्ही त्याला घराबाहेर काढणार," मी म्हटलं.

माणसाचा चेहरा एकदम उजळला. छातीवर हात ठेवून मला नमस्कार केला आणि ताठ मानेने गेला. आला तेव्हा वाकलेला होता. शास्त्रात तथ्य आहे म्हणायचं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

सुगंधा सांगत होती, शिवदासांनी मुलाला खरंच बाहेर काढलं, तो मामाच्या ओट्यावर झोपतो आणि शिवदास सगळीकडे सांगतात की अंधेरीच्या टीचरने सांगितलं. किती खोटारडी असतात माणसं! मी शब्दानेही काही सुचवलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझ्या हातून चांगलं काम झालं. सविस्तर लिहिते.

आमच्या मागच्या आळीतली ऑलिव्ह आपल्या मुलीला, उर्सुलाला, घेऊन आली. उर्सुला एकोणीस वर्षांची. सातवीत माझ्याकडे होती, अपूर्णांकांत हुशार. आता औषधांच्या कारखान्यात इंजेक्शनच्या नळ्या तपासते. तिच्यासाठी दहिसरचा रुडॉल्फ सांगून आला आहे. मुलगा फिटर, दारू बेताची, घर स्वतःचं. उपवासकाळाच्या आधीच्या रविवारी साखरपुडा, ईस्टरनंतर लग्न. आणि पोरगी आठ दिवस तोंड उघडत नाही.

"बोल गो, टीचरला सांग काय ते," ऑलिव्ह म्हणाली आणि पुढची चाळीस मिनिटं स्वतः बोलली. दहिसरवाल्यांचं नाक कसं आहे इथपासून सुरुवात. शेवटी नियमाप्रमाणे तिला बाहेर बसवलं. मग खोलीत मी, उर्सुला आणि तीन राजे.

उर्सुलाने एका राजाच्या मुकुटावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "मला लगीन नाय करायचं."

"तुला लग्न नाही करायचं."

"आवस ऐकनार नाय."

"आई ऐकणार नाही."

"आमच्यात लगीन नको म्हटलं तर कोनाला चालतं, टीचर? सिस्टरलोकांनाच. त्यांना कोन काय इचारीत नाय."

"सिस्टर झालं की कोणी काही विचारत नाही."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे मी सिस्टर व्हायचं?"

मोह झाला होता काहीतरी बोलायचा. पण आवरला. शांतपणे म्हटलं, "तू सिस्टर व्हायचं."

ती थोडा वेळ उंटाकडे बघत बसली. मग "बरं" म्हणाली आणि उठली. उत्तर ज्याचं त्याच्या पोटात असतं, ते असं. मी फक्त वर येऊ दिलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

मिसेची प्रार्थना संपल्यावर फादरनी जाहीर केलं: उर्सुलाला देवाचं बोलावणं आलं आहे. अकरा वर्षांत आमच्या चर्चमधून एकही मुलगी सिस्टर झालेली नाही. बायका रडल्या. पुरुष खाकरले. दहिसरवाल्यांना निरोप गेला, तर ते उलट पाया पडायचे बाकी राहिले. दुसरा मुलगा आडवा आला असता तर हाडं मोडली असती, देवाशी भांडायला कोण जाणार?

संध्याकाळी ऑलिव्ह मैद्याच्या तळलेल्या गरम फुग्यांचा डबा घेऊन आली. परवापर्यंत पोरीला शिव्या देत होती, आता माझे हात हातात धरून म्हणाली, "तुझ्या तोंडून देव बोलला गो." मी म्हटलं, मी काहीच बोलले नाही. ती म्हणाली, "तोच तुझा मोठेपना." फुगे छान झाले होते.

५ मार्च, मंगळवार

केंद्रावर रांग लागते. आज सहा जण. दोघांना तर दारातूनच परत म्हटलेलं हवं होतं, बसायलाही तयार नव्हते. शास्त्र लोकांत रुजतं आहे.

येताना रस्त्यात उर्सुला भेटली, कारखान्याची पाळी सुटून येत होती. कामाची गोष्ट निघाली तशी पोरगी नुसती धबाधबा बोलायला लागली. दिव्यासमोर नळी धरायची, अशी उलटी करायची, आत काचेचा बारीक कण तरंगतो तो पकडायचा. आठ तासांत हजारो नळ्या. इतर मुलींच्या हातून कण सुटतात, तिच्या नाही. "एक कन गेला ना टीचर, तर तो मानसाच्या रक्तात जातो." साहेबांनी सांगितलंय की जूनपासून तिला चेकर करणार, हाताखाली बारा मुली. एवढं सांगून एकदम थांबली.

"आता सोडावी लागनार नोकरी."

"नोकरी सोडावी लागणार," माझ्या तोंडून सवयीने निघालं.

"हां," म्हणाली आणि गेली. चेहरा उतरलेला वाटला. उपवास कडक करत असेल. सिस्टर व्हायचं म्हणजे ते आलंच.

२२ मार्च, शुक्रवार

आज हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते कळलं.

शिवदासांचा चंद्रप्रकाश स्वतः केंद्रावर आला. केस कापलेले, डोळे लाल. दारातच उभा राहून म्हणाला, "तुम्ही मला ओळखत पण नाही. माझ्या बापाला का सांगितलंत मला हाकलायला?"

मी म्हटलं, मी असं काही सांगितलं नाही. म्हणाला, "बाबा देवाची शप्पथ घेऊन सांगतात, तुम्ही हेच बोलला." त्याच्या पाठोपाठ सुगंधा आली होती, त्याची मावशी लागते. मी तिला सगळं सांगितलं, मी फक्त त्यांचं वाक्य परत म्हटलं, ही पद्धत आहे, वही आहे.

सुगंधाने कपाळावर हात मारला. "बाई, तेना इचारल्यान आनि तुमी परत म्हटलास! मोठ्या मानसान परत म्हटला काय ता ठरला. आमच्याकडे तसांच आनि तुमच्याकडेपन तसांच. तुमच्या बापसाचा शेत कशान गेला?"

खालचं शेत कशाने गेलं ते चाळीस वर्षं ऐकत आले आहे. याच डायरीत जानेवारीत लिहिलंय, अडाण्यांची रीत. सहावीतल्या पोरालाही हा ताळा जमला असता. दोन महिने मी गाव ठरवत सुटले होते, आणि मला वाटत होतं मी मान हलवते आहे.

चंद्रप्रकाशला घेऊन तशीच जोगेश्वरीला गेले आणि शिवदासांना सांगितलं की माझी चूक झाली. ते म्हणाले, "तां आधी सांगूचां. माका पन झोप लागना नाय." तिथल्या तिथे पोराला आत घेतलं. म्हणजे तिथलं निस्तरलं.

पण उर्सुला आहे. तिने विचारलं होतं. तिने मला विचारलं होतं, "मी सिस्टर व्हायचं?"

२६ मार्च, मंगळवार

फादरकडे गेले. म्हटलं, उर्सुलाला बोलावणं देवाचं नाही, माझं आहे. माझी चूक झाली.

"तुम्हाला वाटतं की तुमची चूक झाली," फादर शांतपणे म्हणाले.

"वाटत नाही, झाली आहे."

"तुम्हाला ते फार तीव्रतेने जाणवतं आहे."

"फादर, माझ्याशी माणसासारखं बोला."

"मी माणसासारखं बोलावं, असं तुम्हाला—"

मी उठून उभी राहिले तेव्हा त्यांनी वही मिटली. मग माणसासारखं बोलले, आणि त्यापेक्षा आधीचं बरं होतं. बिशपना पत्र गेलं आहे. मठातून होकार आला आहे. अकरा वर्षांनी एक मुलगी मिळाली आहे. "आणि तिने स्वतःच ठरवलं ना? तुम्ही तर सल्ला दिलाच नव्हता. नियमच आहे." बोट ठेवायला जागा नाही. नियम मीच पाळला होता.

२ एप्रिल, मंगळवार

केंद्रावर पाटी लावली, "आज बंद". उर्सुलाला घरी बोलावलं. चहा केला आणि जन्मात पहिल्यांदा तिला प्रश्न विचारला: तुला काय हवंय?

"आता कशाला इचारता, टीचर?"

विचारायला हवं होतं तेव्हा विचारलं नाही म्हणून, असं म्हटलं. मग रडली. तिला ना रुडॉल्फ नको ना मठ. तिला कारखान्यात जायचंय, चेकर व्हायचंय. पुढे लग्न करावंसं वाटलं तर करेल. पण "मला काम आवडतं" हे काही नकाराचं कारण होत नाही. घरी सांगितलं तर म्हणतील, काम काय, पळून जातंय? म्हणून मोठं कारण शोधलं, आणि ते तिच्यापेक्षा मोठं निघालं.

"तुमाला बरं, तुमची आवस आजारी होती," म्हणाली.

मग मी तिला ते सांगितलं जे कोणाला सांगितलं नाही. माझ्यासाठी वसईहून स्थळ आलं होतं. माणूस वाईट नव्हता. मला नकोच होतं. कारण विचाराल तर आजही नीट सांगता येणार नाही. आईची कंबर तेव्हाच धरली होती, ती मी पुढे केली. कंबर महिन्याभरात बरी झाली. आईला सगळं कळलं होतं. पण लेकीचा शब्द खोटा पडू नये म्हणून बिचारी नऊ वर्षं भिंतीला धरून चालली. घरात कोणी नसलं की तुरुतुरु चालायची, दारात पाऊल वाजलं की "अगे माय". विहिरीवर जायचं सोडलं, लग्नांत नाचायचं सोडलं. तिला नाचायची फार हौस होती.

हे बोलताना मला हसू येत होतं, आणि मग आलं नाही.

उर्सुला म्हणाली, "मग मी काय करू?"

नियम खड्ड्यात गेला. मी सल्ला दिला. म्हटलं, "नाही म्हण. कारण देऊ नकोस."

२१ एप्रिल, रविवार

ईस्टर होऊन आठवडा झाला. सल्ला देणं सोपं असतं. उर्सुलाने तीनदा घरी तोंड उघडलं आणि तीनदा ऑलिव्ह रडली. मी स्वतः गेले. मठाने दिलेल्या यादीप्रमाणे ट्रंक भरणं चाललं होतं. पांढरे झगे सहा, काळी छत्री एक. मी म्हटलं, ऑलिव्ह, मी चुकले, तिला जायचं नाही.

"तेव्हा म्हनालीस ते खरं का आता म्हनतेस ते?"

"आता म्हणते ते."

"मग उद्या तिसरंच म्हनशील." बरोबर आहे तिचं. उर्सुलाचा बाप झेवियर ओट्यावर टोपली विणत होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विणायला लागला. त्या घरात बोलायचं काम ऑलिव्हकडे आहे.

१४ मे, मंगळवार

निरोपाचं जेवण सव्वीस तारखेला. झेवियरने डुक्कर राखून ठेवलंय. बँड ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मठात. उर्सुलाने अजून कारखान्यात राजीनामा दिलेला नाही. कागद पिशवीत घेऊन जाते आणि परत आणते. मला म्हणाली, "सगळ्यांसमोर नाय म्हटलं तर?" मी म्हटलं, म्हण. "मग ते परत कोन म्हननार, टीचर? तुमी?" मी हो म्हटलं. मग काय पणाला लागतंय त्याचा हिशेब केला. या गावात माझ्याकडे एवढंच आहे की लोक मला टीचर म्हणतात.

२६ मे, रविवार

जेवण झालं. लिहिते जसं झालं तसं.

झेवियरच्या अंगणात मांडव. सगळं गावठाण आलं होतं. दहिसरहून रुडॉल्फसुद्धा, तो बिचारा वाढायला लागला. फादर देवाच्या बोलावण्यावर वीस मिनिटं बोलले. मग म्हणाले, आता उर्सुला आपल्या तोंडाने सांगेल.

उर्सुला उठली. स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी मठात जानार नाय. लगीन पन करनार नाय आता. मी कामावर जानार. तीन तारखेपासून मला चेकर करतात."

बँडवाल्याने कर्णा तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला. आणि मग सगळी माणसं माझ्याकडे वळली. ऑलिव्ह ओरडली, "टीचर! ही काय म्हनते बघ! बोल गो तू!"

मी उभी राहिले. परत म्हणायचं ठरवलंच होतं, शब्द तयार होते. ओठांवर आले आणि मला त्यांची लाज वाटली. तिने सांगायचं, आणि ते खरं होण्यासाठी पुन्हा मीच? म्हटलं, "मी परत म्हणणार नाही. तिने म्हटलंय, सगळ्यांनी ऐकलंय, तेवढं पुरे. आणि फेब्रुवारीत तिला देवाने बोलावलं नव्हतं. ती मला विचारत होती आणि मी ऐकत नव्हते. माफी मागायची ती मी मागते."

फादर खाली बघत होते. कोणीतरी "शाणी झाली" म्हणालं, माझ्याबद्दल. ऑलिव्ह आत गेली आणि भरलेली ट्रंक ओढत आणून अंगणात टाकली. "जा आता. कामावर जा. इथे येऊ नको."

उर्सुला ट्रंक घेऊन माझ्याबरोबर आली. जाणार कुठे? जेवण मात्र सगळ्यांनी केलं, असं कळलं. डुकराने देवासाठी जीव दिला होता, तो वाया कोण घालवणार.

३१ मे, शुक्रवार

फादरनी सल्लाकेंद्र तात्पुरतं बंद केलं. खोलीच्या किल्ल्या बँडवाल्यांना परत दिल्या, इतकं तात्पुरतं.

घरात माणूस असणं ही कटकट आहे. उर्सुला घोरते. मच्छी रोज लागते. पाण्याचा पेला उजेडात धरून म्हणते, "टीचर, तुमच्या माठात कचरा हाय." चव्वेचाळीस वर्षं तो कचरा पिऊन मला काही झालं नाही. काल तिने माठ घासला, गाळायचं फडकं बदललं आणि मला समोर बसवून दाखवलं. संध्याकाळी तिची पाळी सुटायच्या वेळेला मी दारात उभी असते, ते केवळ हवा येते म्हणून.

रोज अंधार पडला की ती मागच्या आळीकडे तोंड करून बसते. घरून कोणी आलेलं नाही. ते मात्र मला बघवत नाही.

३ जून, सोमवार

चेकर झाली. परत आली ती पेढे घेऊन. अर्धे काढून ठेवले, आईसाठी. ठेवलेले तसेच आहेत.

७ जून, शुक्रवार

दुपारी ऑलिव्ह आली. उर्सुला कामावर होती. ऑलिव्ह दारातच बसली, आत येईना.

"दहिसरवाले आता दुसरी बघतात. इथला कोन करील तिला? देवाला हो म्हनून नाय म्हटलेली पोर." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ती तुझ्यासारखी राहिली तर?"

"राहील मग," मी म्हटलं. लागेल असं म्हटलं.

ती चिडली नाही. पदराने तोंड पुसून म्हणाली, "खरं सांग गो, सेराफिना. कसं वाटतं असं राहायला?"

मी काहीतरी टोचून बोलणार होते, तयार असतंच. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या पोरीचं व्हायचं काय, ते ती माझ्याकडे बघून वाचत होती. आणि मला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. टोमणे मारले, कीव केली, उदाहरण म्हणून दाखवलं. विचारलं नाही.

सांगितलं. म्हटलं, वाईट नाही. शाळा आवडते. सकाळ माझी स्वतःची असते, कोणाच्या चहाला उशीर होत नाही. जे नको होतं ते केलं नाही, याचं मला एक दिवसही वाईट वाटलं नाही. आजारी पडलं की वाईट वाटतं. आणि रविवारी संध्याकाळी. रविवारी संध्याकाळी सगळ्या गावात घराघरांतून माणसं बोलत असतात आणि मी दुसऱ्या दिवशीची गणितं काढून ठेवते, लागणार नसली तरी. खूप वेळ बोलले मी. ऑलिव्ह, जी चाळीस मिनिटं सलग बोलू शकते, ती एक शब्द बोलली नाही. तिच्याकडे वहीही नव्हती.

शेवटी म्हणाली, "माझ्या पोरीला घर आहे. असं राहायचं तर घरी राहील. लोकांचं मी बघते." उर्सुला येईपर्यंत बसली. पोरीला बघून पहिलं वाक्य, "किती वाळलीस गो, ही काय खायला घालत नव्हती का?" मग दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि माझी वाट अडवून ठेवली.

ट्रंक न्यायला झेवियर आला होता. ती डोक्यावर घेऊन निघाला, मग थांबला आणि माझ्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं. "टीचर, बारा मुली हाताखाली?" मी म्हटलं, बारा. "बारा," तो म्हणाला, आणि वळून चालायला लागला. मानेवर एवढं ओझं असून माणूस हसत होता.

बरं झालं गेली ते. मला दोन माणसांच्या भाताची सवय लागली असती.

निघताना ऑलिव्ह फाटकातून ओरडली, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "रविवारी पाच वाजता ये गो जेवायला! दर रविवारी सांगनार नाय, आपली आपन यायचं!"

९ जून, रविवार

पाच वाजता बोलावलंय. आत्ता साडेतीन वाजले आहेत. मघापासून चांगली साडी नेसून बसले आहे.